पुलापलीकडचे जॉन लुईस

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचे नाव निघाले की बहुतेकांना ७ मार्च १९६५ च्या दुपारचे ते छायाचित्र आठवते. अलाबामा राज्यातील सेल्मा गावाजवळच्या पुलापलीकडे एक कृष्णवर्णीय तरुण फिकट रंगाच्या लांब कोटासह जमिनीवर कोसळला आहे आणि हेल्मेट घातलेला राज्य पोलीस त्याच्यावर दंडुका उगारून उभा आहे. त्या दुपारी लुईस पंचवीस वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी पंचावन्न वर्षे जगले आणि त्यांपैकी अखेरची साडेतेहतीस वर्षे ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. या दुसऱ्या, लांबलचक आणि बऱ्याचदा कंटाळवाण्या वाटणाऱ्या आयुष्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा लेख.

चळवळीतून विधिमंडळात गेलेल्या माणसांकडे आपण सहसा संशयाने पाहतो आणि तो संशय नेहमीच निराधार असतो असे नाही. काहींचा आवाज सभागृहाच्या गालिच्यावर पाय ठेवताच बसतो. काहींचा आवाज तसाच राहतो, पण त्यातून कायद्याची एक ओळही निघत नाही. लुईस यांच्या धैर्याचे जितके कौतुक झाले तितके त्यांच्या चिकाटीचे झाले नाही, असे मला वाटत आले आहे. कायदेमंडळात माणसाला तारते ती मुख्यतः चिकाटीच, आणि ती त्यांनी सभागृहात येण्याच्या पाव शतक आधीच अंगी बाणवून घेतली होती.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४० रोजी अलाबामातील पाइक काउंटीत, ट्रॉय गावाजवळ झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. १९४४ मध्ये वडिलांनी साठवलेल्या ३०० डॉलरांत ११० एकर जमीन विकत घेतली. दहा भावंडांतील तिसऱ्या जॉनकडे कोंबड्यांची देखभाल होती आणि धर्मोपदेशक व्हायचे मनात असलेला हा मुलगा त्या कोंबड्यांनाच प्रवचने देत असे. ही गोष्ट त्यांनी पुढे आयुष्यभर शेकडो सभांत सांगितली, इतकी की ती ऐकणाऱ्यांना पाठ झाली होती. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९५६ मधली घटना. सोळा वर्षांचा जॉन भावंडांसह गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात सभासदत्व मागायला गेला, तेव्हा हे ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी आहे असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. त्याच ग्रंथालयाने १९९८ मध्ये त्यांना समारंभपूर्वक सभासदपत्र दिले.

पुढच्या वर्षी ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात धर्मशिक्षणासाठी गेले. मात्र घराजवळच्या ट्रॉय स्टेट कॉलेजात, जिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, तिथे शिकण्याची त्यांची इच्छा होती. त्यांनी मार्टिन ल्युथर किंग यांना पत्र लिहिले आणि १९५८ मध्ये माँटगोमेरीत त्यांची भेट घेतली. प्रवेशासाठी न्यायालयात जावे लागणार होते, त्यासाठी आईवडिलांची संमती आवश्यक होती आणि दावा लावल्यास जमीन आणि जीव दोन्ही धोक्यात येतील या भीतीने आईवडिलांनी ती दिली नाही. लुईस यांनी तो विचार सोडून दिला. म्हणजे त्यांचा पहिला लढा रस्त्यावरचा नव्हताच. तो न्यायालयात जायचा होता आणि सुरू होण्याआधीच संपला.

इथून पुढची वाट नागपूरमार्गे जाते, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. जेम्स लॉसन नावाच्या तरुण मेथडिस्ट कार्यकर्त्याने कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची सैन्यभरती नाकारली, त्याबद्दल तेरा महिने तुरुंगवास भोगला आणि १९५३ मध्ये तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आला. जवळपास तीन वर्षे तो तिथे होता. गांधीजींचे सेवाग्राम तिथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. सत्याग्रहाचा विचार त्याने आधी वाचलेला होता. आता तो प्रत्यक्षात आणणाऱ्यांच्या देशात राहून त्याला अभ्यासता आला. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये किंग यांच्याशी त्याची गाठ पडली, तेव्हा अभ्यास पुरा होण्याची वाट न पाहता लगेच दक्षिणेत या, असा आग्रह किंग यांनी धरला. लॉसन नॅशव्हिलला आले आणि चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहिंसेचे वर्ग सुरू केले. त्या वर्गात डायान नॅश, बर्नार्ड लाफायेट आणि जेम्स बेव्हल यांच्याबरोबर जॉन लुईसही बसत.

वर्ग हा शब्द इथे अगदी नेमका आहे. विद्यार्थी आळीपाळीने हल्लेखोर आणि सत्याग्रही होत. एकाने शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून खेचायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा आणि दुसऱ्याने हात न उचलता, नजर न वळवता ते सोसायचे. हे महिनोन्महिने चालले. अहिंसा ही मनाची उदात्त अवस्था असेल तेव्हा असेल, लॉसन यांच्या हाताखाली ती आधी अंगाला वळण लावण्याची बाब होती. फेब्रुवारी १९६० मध्ये नॅशव्हिलच्या दुकानांतील गोऱ्यांसाठी राखीव खानपान काउंटरवर धरणे सुरू झाले, तेव्हा लुईस आणि लाफायेट यांनी सहभागी विद्यार्थ्यांसाठी नियमांचा एक कागद तयार केला. मारले तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड सतत काउंटरकडे ठेवा, काही गंभीर घडल्यास आपल्या प्रमुखाला कळवा, अशी त्यात साधी कलमे होती, आणि शेवटी येशू, गांधी आणि किंग यांच्या शिकवणीचे स्मरण ठेवण्यास सांगितले होते. लुईस यांच्या हातचा हा पहिला कायदा म्हणायला मला हरकत वाटत नाही. २७ फेब्रुवारीला त्यांना पहिल्यांदा अटक झाली. मे महिन्यात नॅशव्हिलच्या दुकानांनी माघार घेतली. त्या दशकात त्यांना एकूण चाळीस वेळा अटक झाली.

१९६१ च्या स्वातंत्र्य यात्रांविषयी, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी एकत्र केलेल्या आंतरराज्य बसप्रवासांविषयी, थोडक्यातच सांगतो, कारण मारहाणीचे तपशील वाचायला सोपे आणि विसरायलाही सोपे असतात. आंतरराज्य बसस्थानकांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने आधीच बेकायदा ठरवला होता. प्रश्न इतकाच होता की तो निकाल साउथ कॅरोलिना किंवा अलाबामातल्या बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात कोणी मानते का. पहिल्या तेरा प्रवाशांत लुईस होते. रॉक हिल येथे त्यांना मारहाण झाली, माँटगोमेरीच्या स्थानकात लाकडी खोका डोक्यात घालून त्यांना बेशुद्ध केले गेले, आणि मिसिसिपीत त्यांची रवानगी पार्चमनच्या तुरुंगात झाली. सप्टेंबरमध्ये केंद्रीय वाहतूक आयोगाने नियम काढला आणि नोव्हेंबरपासून स्थानकांवरच्या वर्णभेदाच्या पाट्या उतरू लागल्या. रॉक हिलच्या हल्लेखोरांपैकी एकाने २००९ मध्ये लुईस यांच्या कार्यालयात येऊन त्यांची क्षमा मागितली आणि त्यांनी ती केली. न्यायालयाचा निकाल आणि पाटी उतरणे यांच्यातील अंतर किती असते हे लुईस यांना विसाव्या-एकविसाव्या वर्षी जितके नेमके कळले तितके ते अनेक कायदेपंडितांना निवृत्तीपर्यंत कळत नाही.

म्हणूनच २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातले त्यांचे भाषण मला किंग यांच्या त्याच दिवशीच्या जगप्रसिद्ध भाषणाइतकेच अभ्यासण्याजोगे वाटते. लुईस तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि अहिंसक विद्यार्थी समन्वय समितीचे नुकतेच अध्यक्ष झाले होते. त्यांच्या मसुद्यात केनेडी सरकारच्या नागरी हक्क विधेयकाला पाठिंबा देता येत नाही, ते फार तोकडे आणि फार उशिरा आलेले आहे असे म्हटले होते, आणि केंद्र सरकार नक्की कोणाच्या बाजूचे आहे असा सरळ प्रश्न होता. वॉशिंग्टनचे आर्चबिशप पॅट्रिक ओबॉइल यांनी आक्षेप घेतला, आणि लिंकन स्मारकातच ऐनवेळी मसुद्यावर वाटाघाटी झाल्या. वयोवृद्ध कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी ऐक्यासाठी विनंती केली तेव्हा लुईस यांनी काही ओळी बदलल्या. विधेयकाला विरोधाऐवजी मोठ्या शंकांसह पाठिंबा असे म्हटले. पण बदललेल्या भाषणातही ते एकेका तरतुदीवर बोट ठेवत होते. शांततेने निदर्शने करणाऱ्या मुलाबाळांना पोलिसांच्या कुत्र्यांपासून यात कुठे संरक्षण आहे? सहावी न शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसाला या विधेयकाने मत देता येईल का? लाखोंच्या सभेत इतर नेते स्वप्ने आणि प्रार्थना बोलत असताना हा मुलगा कलमे वाचत होता. दुसऱ्याच्या आदरापोटी दोन पावले मागे येणे आणि मूळ हरकत मात्र न सोडणे, हेही त्याने त्याच दिवशी करून दाखवले.

मतदानाच्या ज्या प्रश्नाचे उत्तर त्या विधेयकात नव्हते तोच प्रश्न सेल्मात उभा राहिला. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे पंधरा हजार कृष्णवर्णीय होते आणि त्यांपैकी मतदार यादीत होते जेमतेम तीनशे. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे असे आणि साक्षरतेच्या नावाखाली घेतली जाणारी परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी नव्हतीच. फेब्रुवारीत शेजारच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या तरुणाला राज्य पोलिसाने गोळी घातली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर माँटगोमेरीपर्यंत पायी जाण्याचे ठरले. लुईस यांच्या स्वतःच्या संघटनेने या मोर्चाला अधिकृत पाठिंबा दिला नाही; ते व्यक्तिशः गेले. सहाशे माणसे दोन-दोनच्या ओळीत निघाली, पुढे होझिया विल्यम्स आणि लुईस. तुरुंगात जावे लागणार हे गृहीत धरून लुईस यांनी पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे, दातांचा ब्रश आणि पेस्ट घेतली होती. पुलाच्या पलीकडे पोलिसांनी दंडुके आणि अश्रुधुराने हल्ला केला आणि लुईस यांची कवटी फुटली. त्या रात्री दूरचित्रवाणीवर हे देशाने पाहिले, आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, भाषण केले आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर त्यांची सही झाली.

या कायद्याचा गाभा समजून घेतल्याशिवाय लुईस यांचे पुढचे आयुष्य कळत नाही. पूर्वीचे कायदे असे होते की अन्याय झाल्यावर ज्याच्यावर झाला त्याने न्यायालयात जावे. तोवर निवडणूक उरकलेली असे. १९६५ च्या कायद्याने ही दिशा उलटवली. ज्या राज्यांत अशा परीक्षा होत्या आणि १९६४ मध्ये निम्म्याहून कमी लोक नोंदलेले किंवा मतदान केलेले होते, त्या राज्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्रीय न्याय विभागाची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची पूर्वमंजुरी घेणे बंधनकारक झाले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचे प्रमाण १९६५ मध्ये ६.७ टक्के होते; दोन वर्षांत ते साठ टक्क्यांच्या जवळ पोचले.

आणि नेमक्या याच वेळी चळवळीने लुईस यांना बाजूला केले. मे १९६६ मध्ये संघटनेच्या बैठकीत ते आधी पुन्हा अध्यक्ष निवडले गेले, मग रात्री उशिरा निवडणूक पुन्हा घेण्यात आली आणि स्टोकली कारमायकल अध्यक्ष झाले. अहिंसा आता जुनाट वाटू लागली होती. सव्विसाव्या वर्षी कवटीवर जखमेची खूण घेऊन ते बेरोजगार झाले. त्यांनी कटुतेने काही लिहिले-बोलले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी नोकऱ्या केल्या, फिस्क विद्यापीठाची पदवी घेतली, १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या प्रचारात काम केले आणि १९७० पासून सात वर्षे मतदार शिक्षण प्रकल्प चालवला. दक्षिणेतली खेडी, चर्च, शाळांची मैदाने असे फिरत नावे यादीत घालण्याचे हे काम छायाचित्रकारांना आकर्षून घेणारे नव्हते. या प्रकल्पाच्या एका भित्तिपत्रकावर लिहिले होते की कापूस वेचणारे हात आता आपले लोकप्रतिनिधी वेचू शकतात. प्रकल्पाच्या प्रयत्नांतून जवळपास चाळीस लाख अल्पसंख्याक मतदारांची नोंद झाल्याचे सांगितले जाते. लुईस यांच्या आयुष्यात पुलाइतकाच महत्त्वाचा टप्पा कोणता असे मला विचारले तर मी या सात वर्षांकडे बोट दाखवीन.

१९७७ मध्ये ते अटलांटातून प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. चार वर्षांनी अटलांटाच्या नगर परिषदेवर निवडून आले, तिथे एका महामार्गाच्या प्रकल्पावरून त्यांचे जुने सहकारी आणि आता महापौर असलेल्या अँड्र्यू यंग यांच्याशीच त्यांचे वाजले. मग १९८६ आले. प्रतिनिधिगृहाची तीच जागा रिकामी झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लुईस यांच्यासमोर होते ज्युलियन बाँड.

ही लढत दुःखद होती आणि तिच्याकडे कौतुकाने पाहणे मला जमत नाही. दोघे विद्यार्थी समितीतले जुने सोबती. १९६६ च्या जानेवारीत लुईस यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध समितीचे निवेदन वाचून दाखवले होते, आणि त्याला पाठिंबा दिल्याबद्दल बाँड यांना जॉर्जियाच्या विधानसभेने निवडून आल्यावरही जागेवर बसू दिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती जागा त्यांना मिळवून दिली. मतदार नोंदणीसाठी दोघे दक्षिणेत एकत्र हिंडले होते. बाँड देखणे, वाक्पटू, वीस वर्षांचा विधिमंडळाचा अनुभव असलेले. लुईस अडखळत बोलणारे, शेतकऱ्याच्या घरातले. पहिल्या फेरीत बाँड यांना ४७ टक्के आणि लुईस यांना ३५ टक्के मते पडली. दुसऱ्या फेरीच्या वादसभेत लुईस यांनी बाँड यांना अमली पदार्थांच्या चाचणीचे आव्हान दिले. ते लागट होते आणि अचूक लागले. लुईस ५२ टक्के मते घेऊन जिंकले. कृष्णवर्णीयांच्या मतांत बाँड पुढे होते आणि गोऱ्यांच्या एकगठ्ठा मतांनी लुईस यांना तारले. शोभेचा घोडा नको, राबणारा घोडा निवडा, असा त्यांचा प्रचार होता. पुढच्या तीस वर्षांनी तो खरा ठरवला, पण मैत्रीची किंमत देऊन. संत म्हणून ज्यांची पूजा होते त्यांनाही निवडणूक जिंकावी लागते, आणि निवडणुका जिंकण्याच्या रीती संतांच्या नसतात.

प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या कामाचे मोजमाप करायला गेलो तर त्यांच्या नावावर गाजलेले कायदे फार नाहीत, आणि ही टीका त्यांच्या हयातीतही होत असे. त्यात तथ्य आहे. त्यांची कारकीर्द मोठ्या प्रमाणावर विरोधी बाकांवर गेली. १९९५ नंतरच्या पाव शतकात त्यांचा पक्ष प्रतिनिधिगृहात जेमतेम साडेपाच वर्षे बहुमतात होता. अर्थसंकल्पी देवाणघेवाणीत तरबेज असे ते कधीच नव्हते. मतांच्या नोंदी मात्र बोलतात. १९९६ मध्ये समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता नाकारणारा कायदा ३४२ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाला तेव्हा त्या ६७ मध्ये लुईस या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे मत होते; वंशाधारित भेदभावाविरुद्ध आयुष्य घालवल्यावर दुसऱ्या प्रकारच्या भेदभावाला मत देणे आपल्याला शक्य नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. त्यांच्या मतदारसंघातील चर्चमध्ये हे ऐकायला सर्वांना आवडले असेल असे वाटत नाही. १९९१ आणि २००२ च्या इराकविषयक युद्ध ठरावांना त्यांनी विरोध केला. सदस्य असतानाही वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, सुदानच्या दारफूरमधील हत्यांविरुद्ध आणि स्थलांतरितांच्या हक्कांसाठी निदर्शने करताना त्यांना पाच वेळा अटक झाली.

त्यांच्या पद्धतीचा खरा नमुना म्हणजे वॉशिंग्टनमधील आफ्रिकी अमेरिकी इतिहास आणि संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय. ही कल्पना १९१५ पासूनची, यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांची. १९२९ मध्ये काँग्रेसने मान्यता दिली, पैसा दिला नाही. लुईस यांनी १९८८ मध्ये विधेयक मांडले. ते पडले. पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा मांडले. अमेरिकी पद्धतीत दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस येते आणि न झालेली विधेयके आपोआप मरतात, त्यामुळे प्रत्येक वेळी नवे सहप्रायोजक गोळा करणे, समितीपुढे तेच युक्तिवाद करणे आणि खर्चाच्या त्याच शंकांना तोंड देणे आले. १९९४ मध्ये सिनेटमध्ये जेसी हेल्म्स यांनी ते अडवले. लुईस पुन्हा मांडत राहिले. अखेरीस रिपब्लिकन सदस्य जे. सी. वॉट्स आणि सिनेटर सॅम ब्राउनबॅक यांना बरोबर घेऊन ते मंजूर झाले आणि १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. मग जागेचा, निधीचा, आराखड्याचा खल झाला आणि २४ सप्टेंबर २०१६ रोजी संग्रहालय उघडले. पंधरा वर्षे कायद्याला आणि तेरा वर्षे इमारतीला. काउंटरकडे तोंड करून ताठ बसा आणि उठू नका, हा १९६० च्या कागदावरचा नियम त्यांनी इथे दुसऱ्या तऱ्हेने पाळला, असे मला वाटते.

मतदान हक्काच्या कायद्याबाबत मात्र त्यांच्या भूमिकेत एक वळण आहे, आणि त्यांच्यावर लिहिणारे बरेच जण ते टाळतात. २००१ च्या मतदारसंघांच्या फेररचनेत जॉर्जियाच्या डेमोक्रॅटिक नेत्यांनी काही मतदारसंघांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी करून ते आजूबाजूला पसरवले, जेणेकरून पक्षाच्या एकूण जागा टिकाव्यात. न्याय विभागाने आक्षेप घेतला. त्या खटल्यात लुईस यांनी राज्याच्या बाजूने साक्ष दिली की जॉर्जिया आता १९६५ चे राहिलेले नाही, आपण खूप अंतर चालून आलो आहोत, गोरे मतदारही कृष्णवर्णीय उमेदवारांना मत देतात. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल देताना ही साक्ष उद्धृत केली. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखे होते. स्वतः लुईस गोऱ्यांच्या मतांवर निवडून आलेले होते. पण दक्षिण बदलली आहे हा युक्तिवाद कोणाच्याही हाती लागू शकतो. २००६ मध्ये कायद्याची मुदत वाढवताना काँग्रेसने त्या निकालाचा परिणाम रद्द केला आणि लुईस यांनी त्या मुदतवाढीसाठी जिवाचे रान केले. प्रतिनिधिगृहात ३९० विरुद्ध ३३ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य अशी ती मंजूर झाली.

सात वर्षांनी, २५ जून २०१३ रोजी, शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना पूर्वमंजुरी लागेल हे ठरवणारे सूत्रच घटनाबाह्य ठरवले. कारण तेच दिले गेले: परिस्थिती बदलली आहे. शेल्बी काउंटी अलाबामातलीच. टेक्ससने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा कडक कायदा लागू करणार असल्याचे जाहीर केले आणि काही आठवड्यांत नॉर्थ कॅरोलिनाने असा कायदा केला की जो पुढे अपील न्यायालयाने, कृष्णवर्णीय मतदारांवर जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने रोखलेला म्हणून, २०१६ मध्ये रद्द केला. तोवर मधल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने जी गोष्ट थांबवली होती ती नेमकी हीच. मतदान हक्क कायद्याच्या काळजात सुरा खुपसला आहे, अशी लुईस यांची प्रतिक्रिया होती.

जून २०१६ मध्ये, ऑरलँडोतील ४९ जणांच्या हत्याकांडानंतर, शस्त्रनियंत्रणाच्या विधेयकावर मतदान घ्या या मागणीसाठी शहात्तर वर्षांचे लुईस प्रतिनिधिगृहाच्या जमिनीवर बसले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पक्षाचे डझनावारी सदस्य बसले. कॅमेरे बंद केले गेले तेव्हा सदस्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून प्रक्षेपण केले. दिवसभराहून अधिक काळ हे चालले. मतदान झाले नाही, कायदाही झाला नाही. नॅशव्हिलमध्ये दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते म्हणून तो नमला. सभागृहात बहुमतवाल्या पक्षाचे काहीच तुटत नव्हते. हे धरणे मनाला भिडले तरी हत्यार म्हणून बोथट होते, असे माझे मत आहे.

१७ जुलै २०२० रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने लुईस यांचे निधन झाले. त्यांची शवपेटी घोड्यांच्या गाडीतून सेल्माच्या पुलावरून नेण्यात आली. या पुलाला दक्षिणेच्या बंडखोर सैन्यातील सेनानी आणि पुढे सिनेटर झालेल्या एडमंड पेटस यांचे नाव आहे. ते बदलू नये, इतिहास आहे तसा दिसू द्यावा, अशी भूमिका लुईस यांनीच २०१५ मध्ये घेतली होती. कॅपिटॉलच्या घुमटाखाली ज्यांचे पार्थिव ठेवले गेले असे ते पहिले कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी. अटलांटातल्या अंत्यविधीत बोलणाऱ्यांमध्ये तीन माजी राष्ट्राध्यक्ष होते आणि नागपूरहून परतलेले, आता नव्वदी ओलांडलेले जेम्स लॉसनही होते. गांधी आणि किंग यांच्या विचारांच्या अभ्यासासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात विद्वानांची देवाणघेवाण घडवणारे लुईस यांनी मांडलेले विधेयक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्यांच्या पश्चात, कायदा झाले.

पूर्वमंजुरीचे नवे सूत्र घालून मतदान हक्क कायदा पुन्हा उभा करणाऱ्या विधेयकाला आता त्यांचे नाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये चर्चा बंद करण्यासाठी लागणारी साठ मते जमली नाहीत, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो साठ मतांचा नियम बाजूला ठेवण्याचा प्रयत्नही फसला. सेल्मातच वाढलेल्या आणि आता त्या भागाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या टेरी स्यूएल यांनी ते २०२३ च्या काँग्रेसमध्ये पुन्हा मांडले, आणि २०२५ च्या काँग्रेसमध्ये पुन्हा.